पेल्यावरचीं अक्षरें

या सदरांत आम्ही बहुधा पोथ्यापुस्तकांतील अक्षरांविषयीं लिहीत असतों. आज पुस्तक बाजूस ठेवून भांड्यांवरील अक्षरांविषयीं चार शब्द लिहिण्याचा विचार आहे. विषय हलका वाटेल. आम्हांसही परवांपरवांपर्यंत तो हलकाच वाटत होता. परंतु गेल्या भाद्रपदांत आमच्या घरीं जें घडलें त्यानें आमचें मत बदललें, आणि बदललेलें मत उघड सांगणें हें शिक्षकाच्या पेशास धरूनच आहे असें आम्ही समजतों.

काशी आणि मिरें हीं मूळचीं दोन खेडीं. त्यांचें मिळून काशीमीरा हें नांव रूढ झालें. मुंबईहून अहमदाबादेस जाणारा हमरस्ता आणि ठाण्याकडून घोडबंदरावरून येणारा रस्ता येथें मिळतात. त्यामुळें वाहनांचा घोष रात्रीं दोन वाजतांही थांबत नाहीं. जुनीं कौलारू घरें एकामागून एक पडत आहेत व त्यांच्या जागीं उंच इमारती उठत आहेत. आमचें घरही यंदां पाडावयाचें ठरलें. तिघां भावांच्या एका चुलीच्या जागीं आतां एकाच इमारतींत तीन ब्लॉक होणार. ब्लॉकास माळा नसतो. सबब माळ्यावरील भांडीं खालीं उतरवणें प्राप्त झालें.

चार दिवस तें काम चाललें होतें. हंडे, घागरी, कळशा, घंगाळें, पाणी तापवण्याचा बंब, शंभर पानांच्या पंगतीस पुरेल एवढीं तपेलीं, पराती, वेळण्या, ओगराळीं, पंचपात्रें, रामपात्रें आणि एका पोत्यांत बांधलेलीं तीस-पस्तीस फुलपात्रें. ओसरीवर पाय ठेवण्यास जागा उरली नाहीं. सुनांनीं जो हिशेब मांडला तो मुळींच चुकीचा नव्हता. गॅसच्या शेगडीवर हीं तपेलीं बसत नाहींत, कल्हईवाला आतां दारावर येत नाहीं, आणि चिंच लावून घांसावयास दिवसभर घरीं असतें कोण? देवापुढचीं उपकरणीं ठेवावीं, एक हंडा शोभेस ठेवावा, आणि बाकीचें मोडीस घालावें असें सर्वांनुमतें ठरलें. त्या ठरावास आमचीही संमति होती, हें आम्ही लपवीत नाहीं.

याच सुमारास धाकट्या बंधूंचा मुलगा गणपतीसाठीं म्हणून रजा घेऊन इंग्लंडाहून घरीं आला होता. त्यानें तेथून एक जाडजूड चित्रमय पुस्तक आणलें होतें. विषय, इंग्रजांचे जुने कांचेचे चषक व त्यांवर कोरलेले लेख. त्या चषकांतून काय पीत असत याचा विचार आम्हीं केला नाहीं. वाचकांनींही करूं नये. पण लेख हा शब्द कानीं पडल्यावर आमच्यासारख्यास स्वस्थ बसवत नाहीं. दुपारीं मुलें भोंवतीं घेऊन आम्हीं तें पुस्तक चाळूं लागलों, आणि पाहतां पाहतां तीन दुपारी गेल्या.

त्यांत जें वाचलें त्याचा सारांश येथें देतों. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दींत वेर्झेलिनी नांवाचा एक व्हेनिसचा कारागीर लंडनांत कांच करीत असे. त्यास १५७५ सालीं राणीकडून एकवीस वर्षांचा परवाना मिळाला. त्याच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोजक्याच चषकांवर हिरकणीच्या टोंकानें ओरखडून काढलेलीं अक्षरें आहेत. कोठें साल, कोठें नांवांचीं आद्याक्षरें, कोठें पतिपत्नीचीं नांवें, तर कोठें 'देवावरच माझा सारा भरंवसा' अशा अर्थाचें वाक्य. पुढें शंभर वर्षांनीं, १६७४ सालीं, जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यानें नव्या तऱ्हेच्या कांचेचा हक्क सरकारांतून मिळवला. या कांचेंत शिशाचें भस्म मिसळीत. त्यामुळें ती जड, तेजस्वी आणि टिचकी मारतांच घंटेप्रमाणें नाद करणारी झाली. शिशानें कांच थोडी मऊही होते. म्हणून तांब्याच्या लहानशा चाकावर तेल व कुरुंदाची पूड लावून, चाक फिरतें ठेवून, तीवर वेल, फुलें व अक्षरें कोरणें सोपें झालें.

मग अठराव्या शतकांत या अक्षरांना भर आला. कोणी जहाज सागरावर शत्रूचा माल लुटावयास सोडलें कीं त्याच्या नांवानें 'यश येवो' असें कोरावें. सन्डर्लंड येथें वेअर नदीवर लोखंडी पूल बांधून झाला, १७९६ सालीं, तर पुलाचें चित्रच पेल्यावर उठवावें. परंतु सर्वांत मन वेधणारे पेले आहेत ते पराभूत पक्षाचे.

इतिहास थोडक्यांत असा. १६८८ सालीं इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स यास सिंहासन सोडून पळावें लागलें. पुढें त्याचा मुलगा व नातू परदेशांत राहून राज्यावर हक्क सांगत राहिले. त्यांच्या पक्षास जॅकोबाइट म्हणत. नातू चार्ल्स एडवर्ड यानें १७४५ सालीं स्कॉटलंडांत उठाव केला. १६ एप्रिल १७४६ रोजीं कलोडनच्या माळावर त्याचा पुरता पराभव झाला. त्यानंतर त्याचें नांव उघडपणें घेणें धोक्याचें होतें. तेव्हां त्याच्या अनुयायांनीं तें कांचेवर कोरलें, पण नांव म्हणून नव्हे. गुलाबाचें एक फूल, शेजारीं कळ्या, ओकाचें पान, एखादी तारका. आणि खालीं एकच लॅटिन शब्द, 'फियात्', म्हणजे 'तसें होवो'. आम्हीं मुलांस म्हटलें, "अरे, हें तर आपलें तथास्तु!" दुसऱ्या कांहीं पेल्यांवर 'रेदेआत्' असा शब्द आहे, 'तो परत येवो' हा त्याचा अर्थ. आमच्या दीड दिवसाच्या गणपतीचें विसर्जन नुकतेंच झालें होतें. 'पुनरागमनाय च' हे शब्द मुलांच्या कानांत ताजे असल्यामुळें त्यांना अधिक सांगावें लागलें नाहीं. राजाच्या नांवानें प्याला उचलतांना ते लोक तो पाण्याच्या भांड्यावरून नेत, अशी परंपरा सांगतात. मनांत हेतु हा, कीं आमचा राजा तो पाण्यापलीकडचा. उलट पक्षाचेही पेले आहेतच. १६९० च्या बॉइन नदीवरील लढाईंत जिंकणाऱ्या विल्यम राजाचें पुण्यस्मरण त्यांवर कोरलेलें आढळतें.

कोणत्या पेल्यांतून प्यावें यावरून माणूस कोणाचा हें ठरावें, ही गोष्ट आपणांस परकी वाटण्याचें कारण नाहीं. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें पाहुण्यांपुढें चहाचे पेले आले. लोकमान्य टिळक व न्यायमूर्ति रानडे यांच्यासारख्या पुरुषांनाही त्या पेल्यांपायीं पुढें प्रायश्चित्ताच्या प्रश्नास तोंड द्यावें लागलें. त्या चिनी मातीच्या पेल्यांवर अक्षर एकही नव्हतें; तें समाजानें वाचलें.

पुतण्याच्या पुस्तकांत आम्हांस सर्वांत आवडली ती त्या लोकांची चिकाटी. पेला हातीं आला कीं ते प्रथम त्याचें वजन पाहतात. १७४५ सालीं सरकारानें कांचेच्या मालावर वजनाप्रमाणें कर बसवला, तो शंभर वर्षांनीं, १८४५ सालीं उठला. कर बसल्यावर कारागीर पेले हलके करूं लागले. म्हणून वजन हा वयाचा एक पुरावा झाला. मग दांडा पाहावयाचा, बैठक पाहावयाची, आणि शेवटीं अक्षरें. अक्षरें पेल्याबरोबरचीं आहेत कीं जुन्या कोऱ्या पेल्यावर किंमत वाढवण्यासाठीं कोणीं मागाहून कोरलीं, हेंही तपासावयाचें. कारण अशी लबाडीही पुष्कळ झाली आहे. एका शब्दासाठीं एवढी मेहनत! आणि आमच्या ओसरीवर ढीग पडला होता, त्याचेंही वजनच करावयाचें होतें. तिकडे वजनावरून पेल्याचें वय ठरतें. इकडे वजनावरून भांड्याची किंमत ठरून तें भट्टींत जातें.

आमच्या नातीनें विचारलें, "आजोबा, आपल्या कांचेच्या पेल्यांवर कां नाहींत नांवें?" तिला सांगितलें कीं आपल्या घरांत कांच उशिरां आली; सोंवळ्यांत तर ती आलीच नाहीं. पैसा पैसा वर्गणी गोळा करून अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडानें तळेगांवास कांचेचा कारखाना काढला तो १९०८ सालीं. त्या कांचेवर देणगीदाराचें नांव घालावयाचें म्हटलें असतें तर साऱ्या महाराष्ट्राची यादी कोरावी लागली असती. आपलीं नांवें आहेत तीं तांब्यापितळेवर. "मग तीं वाचूं या कीं," असें ती म्हणाली, आणि मुलांनीं ढिगावर धाड घातली.

ज्यांच्या घरीं हीं भांडीं अजून आहेत त्यांना ठाऊक असेलच. भांड्याच्या कांठाखालीं किंवा बुडाशीं एक ओळ असते. भांडीं विकत घेतलीं कीं दुकानाच्या पायरीवर बसलेल्या कारागिराकडून त्यांवर नांव घालून घ्यावयाचें. तो लहान छिन्नी व हातोडी घेऊन टिंबाटिंबानें अक्षर उठवी. आतां तेंच काम विजेच्या सुईनें होतें व अक्षर सलग येतें. परंतु जुन्या टिंबांत हाताचा दाब दिसतो, तो यांत दिसत नाहीं. नांव घालण्यास कारणही होतें. शेजारच्या घरीं कार्य निघालें कीं भांडीं तिकडे जात, आणि पंगती उठल्यावर ढिगांतून आपलें भांडें ओळखावयाचें तें नांवावरूनच. पण मालकीची खूण एवढाच त्याचा उपयोग नव्हता. लग्न, मुंज, डोहाळजेवण, बारसें, अधिक मासांतलें वाण, या प्रत्येक प्रसंगीं भांडें दिलें जाई. आणि कोणीं, कोणास, केव्हां व कां दिलें तें त्यावर लिहिलें जाई.

मुलें एकेक भांडें उचलून मोठ्यानें वाचीत आणि आम्ही अर्थ सांगत असूं. 'चि. कु.' म्हणजे कन्या अजून माहेरीं आहे, 'चि. सौ. कां.' म्हणजे ती बोहल्यावर चढली आहे, 'सौ.' म्हणजे संसार सुरू झाला, 'गं. भा.' दिसलें कीं गंगाभागीरथी, म्हणजे कपाळ पुसलें गेलें. आमच्या एका आत्याबाईंचीं तीन भांडीं निघालीं. वाटीवर 'चि. कु.', तांब्यावर 'सौ.', आणि नातवाच्या मुंजींत दिलेल्या पंचपात्रावर 'गं. भा.'. तीन भांडीं शेजारीं ठेवलीं तर एका स्त्रीचें चरित्र झालें. आम्हीं आयुष्यभर मुलांस चरित्रात्मक निबंध लिहावयास सांगितले, पण इतक्या थोड्या शब्दांत तो कोणास साधलेला पाहिला नाहीं.

याप्रमाणें वाचतां वाचतां नातीनें एक लहान पितळी फुलपात्र पुढें केलें. तें इतरांबरोबर पोत्यांत नव्हतें. एका जुन्या धूतवस्त्राच्या तुकड्यांत गुंडाळून निराळें ठेवलेलें होतें. त्यावर एक नांव होतें, पुढें आमच्या आजोबांचें नांव, पुढें आमचें आडनांव, आणि खालीं: 'हीस प्रथम मंगळागवरीचे वेळीं मावशीकडून, शके १८३९'. आरंभीं 'सौ.' हें अक्षर स्पष्ट होतें. पण तें पहिलें नांव आमच्यापैकीं कोणाच्याच ओळखीचें नव्हतें.

आमच्या आजीचें नांव निराळें. कोणी म्हणालें, तिचें माहेरचें नांव असेल. पण माहेरच्या नांवापुढें सासरचें आडनांव कसें येईल? कोणी म्हणालें, कारागीर चुकला असेल. तेव्हां पुतण्या म्हणाला, "काका, पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें आधीं साल पाहा." सालानेंच गांठ बसली. आजीआजोबांचें लग्न शके १८४२ मध्यें झालें, हें आम्हांस घरच्या कागदपत्रांवरून निश्चित ठाऊक होतें. मंगळागौर लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणांत पूजावयाची. मग लग्नाच्या तीन वर्षें आधीं, इ. स. १९१७ च्या श्रावणांत, आमच्या आजोबांची 'सौ.' म्हणून ही मंगळागौर पूजणारी कोण?

आम्हीं वंशावळ काढली. ती आम्हींच दहा वर्षांपूर्वीं जुन्या चोपड्यांवरून सुवाच्य अक्षरांत उतरवलेली आहे व तिचा आम्हांस अभिमान होता. पांच पानें आणि एकशें बारा नांवें. त्या एकशें बारांत एकही नांव स्त्रीचें नाहीं, ही गोष्ट त्या दिवशीं प्रथम आमच्या ध्यानांत आली. आजोबांच्या नांवाखालीं दोन मुलगे, बस्स. ते मुलगे आकाशांतून पडले असावे, असें तिसऱ्या माणसास वाटेल.

घरांत आमच्या काकू आहेत, वय नव्वदांच्या पलीकडे. दृष्टि मंद झाली आहे, पण स्मरण शाबूत आहे. फुलपात्र त्यांच्या हातीं दिलें. त्यांनीं तें डोळ्यांशीं धरलें नाहीं, अंगठा कांठाखालून फिरवला आणि म्हणाल्या, "हें नवमीचें फुलपात्र. हें कां बाहेर काढलेंत?"

मग त्यांनीं सांगितलें तें असें. आमच्या आजोबांचें पहिलें लग्न १९१७ सालीं झालें. पुढल्याच वर्षीं मानमोडीची साथ आली. १९१८ च्या पावसाळ्याअखेर त्या तापानें आपल्या इलाख्यांत घरेंच्या घरें ओस पाडलीं, हें वाचकांनीं वडीलधाऱ्यांकडून ऐकलें असेल. त्या साथींत ती मुलगी गेली. वय सोळा कीं सतरा. दोन वर्षांनीं आजोबांचें दुसरें लग्न झालें. ती आमची आजी. भाद्रपद वद्य नवमीस अविधवा नवमी म्हणतात. सौभाग्य असतां जी गेली तिच्या नांवें त्या दिवशीं सवाष्ण जेवूं घालावयाची. आमची आजी वर्षानुवर्षें त्या दिवशीं सवाष्ण बोलावी, आणि सवाष्णीच्या पानाशीं पाणी ठेवी तें याच फुलपात्रांत. काकू नव्या सून म्हणून घरांत आल्या त्या वर्षीं आजीनें तें त्यांच्याकडे घांसावयास दिलें आणि एवढेंच सांगितलें, "जपून घांस. अक्षरें झिजूं देऊं नकोस. ही माझी थोरली बहीण." पति हयात असेतोंवरच ही नवमी करावी, असा पुष्कळ घरांतला प्रघात आहे. १९६८ सालीं आजोबा गेले, नवमी थांबली, फुलपात्र धूतवस्त्रांत गुंडाळून माळ्यावर गेलें.

"काकू, इतकीं वर्षें हें सांगितलें कां नाहींत?" असें आम्हीं विचारलें.

"कोणी विचारलें नाहीं," त्या म्हणाल्या.

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. तें फुलपात्र आम्हीं पूर्वीं पाहिलेलें होतें. आम्ही सात-आठ वर्षांचे असूं. नुकतेंच अस्खलित वाचावयास येऊं लागलें होतें, आणि दिसेल तें मोठ्यानें वाचण्याची खोड होती. स्वयंपाकघरांत सवाष्णीच्या पानाशीं ठेवलेलें फुलपात्र आम्हीं उचललें, वाचलें, आणि 'मंगळागौरी'च्या जागीं 'मंगळागवरी' पाहून हंसलों. आजीनें तें आमच्या हातांतून काढून घेतलें. ती रागावली नाहीं. "तीं हंसण्याचीं अक्षरें नव्हेत," एवढें म्हणून तिनें पाणी पुन्हां भरलें. पुढें छत्तीस वर्षें आम्हीं मुलांच्या वह्यांतील ऱ्हस्वदीर्घ सुधारण्यांत घालवलीं. त्या ओळींतली चूक आमच्या लक्षांत राहिली; त्या ओळींतलें नांव राहिलें नाहीं. शुद्धलेखनाचा अभिमान माणसास केवढा आंधळा करूं शकतो, याचें दुसरें उदाहरण शोधावयास आम्हांस घराबाहेर जावें लागणार नाहीं.

ही गोष्ट एकट्या आमच्या घरचीच नव्हे, आणि आजची तर मुळींच नव्हे. आमच्या काशीमीऱ्याच्या पाठीशीं जो डोंगर व जें रान आहे, त्याच रानांत दक्षिणेकडे कान्हेरीचीं लेणीं आहेत. लेण्यालेण्याशीं पिण्याच्या पाण्याचीं टांकीं खोदलेलीं आहेत. जुन्या लेखांत त्यांस 'पोढी' म्हणतात, आणि कोणत्या गृहस्थानें, कोणत्या भिक्षुणीनें तीं दिलीं तें कित्येक ठिकाणीं वर कोरलेलें आहे. त्यांपैकीं एका टांक्यावरील दुसऱ्या शतकांतला लेख संस्कृतांत आहे. शतेरक नांवाच्या अमात्यानें तें टांकें दिलें, आणि लेखांत त्यास शब्द वापरला आहे 'पानीयभाजन', म्हणजे अक्षरशः पाण्याचें भांडें! पुढें 'देयधर्म' असा शब्द आहे; आमच्या तांब्यावरील 'सप्रेम भेट' ती हीच. त्या लेखांत एका राणीचा उल्लेख आहे. ती वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी, कार्दमक राजवंशांत जन्मलेली, एका महाक्षत्रपाची कन्या. त्या महाक्षत्रपाच्या नांवाचें आरंभींचें अक्षर 'रु' शिल्लक आहे, आणि त्यावरून तो रुद्रदामन् असावा असें बहुतेक विद्वान् मानतात. दगड फुटलेला आहे. पतीचें नांव कळतें, कुळाचें कळतें, पित्याचें ओळखतां येतें, अमात्याचेंही कळतें. राणीचें नांव मात्र कोठेंच वाचतां येत नाहीं.

दोन हजार वर्षांच्या खडकांत जें टिकलें नाहीं, तें आमच्या घरांत शंभर वर्षें पितळेवर टिकलें, तें एका सवतीनें 'अक्षरें झिजूं देऊं नकोस' असें सांगितलें म्हणून. आणि तें आम्ही मोडीच्या भावानें देणार होतों.

कांच फुटते, म्हणून इंग्रजांनीं ती जपली. आमचें पितळ फुटत नाहीं, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलों. जें फुटणारें तें संग्रहालयांत गेलें, आणि जें अभंग तें वितळलें. मोड घेणाऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. त्याच्या कांट्यावर अक्षराला वजन नाहीं, हा कांट्याचा गुण आहे. दोष आहे तो न वाचतां देणाऱ्याचा.

मग पुढें काय केलें, असें वाचक विचारतील. भांडीं दिलीं. सारीं ठेवणें शक्य नव्हतें, आणि ठेवण्याचा आव आणणें हा सुनांवर अन्याय झाला असता. घांसावयाचें त्यांना आणि कळवळा आमचा, हा व्यवहार बरोबर नव्हे. परंतु देण्यापूर्वीं तीन दिवस मुलांनीं प्रत्येक भांडें वाचलें. अक्षरांवर पातळ कागद धरून त्यावर शिसपेन्सिल आडवी घांसली कीं ठसा स्वच्छ उठतो. असे त्र्याऐंशीं ठसे एका वहींत चिकटवले आहेत. जेथें चूक आहे तेथें चुकीसकट, कारण ती चूकही त्या दिवसाचीच आहे. प्रत्येक ठशाखालीं काकूंनीं सांगितलेली ओळ धाकट्या सुनेनें लिहून घेतली: ही कोण, कोणाची, कोठून आली, काय तिला चांगलें येई. 'हिच्या हातच्या पुरणपोळ्या', 'हिला ओव्या पाठ', 'ही फार बोलत नसे'. आमच्या वंशावळींत असलें कांहींही नव्हतें.

ती वंशावळ आम्हीं पुन्हां लिहावयास घेतली आहे. आजोबांच्या नांवाशेजारीं आतां दोन नांवें आहेत. पहिलें आम्ही येथें छापीत नाहीं. तें घरचें आहे आणि घरांत लिहिलें गेलें, एवढें पुरे. मावशीचें नांव मात्र मिळालें नाहीं. भाची कायमची लक्षांत राहावी म्हणून जिनें पदरचे पैसे मोडून अक्षरें घालविलीं, तिला स्वतःचें नांव घालण्याचें सुचलें नाहीं. वंशावळींत तिच्यासाठीं आम्हीं 'मावशी' असेंच लिहिलें आहे.

वाचकभगिनींस व बंधूंस आमची एवढीच विनंति. दिवाळीची झाडलोट आतां जवळ आली आहे. पुष्कळ घरांतून माळे उतरतील. भांडीं ठेवा किंवा देऊन टाका, तो ज्याच्या त्याच्या घराच्या सोयीचा प्रश्न आहे. पण कांट्यावर चढवण्यापूर्वीं एकदां प्रत्येक भांडें उजेडांत फिरवा, मोठ्यानें वाचा, आणि घरांतल्या सर्वांत वृद्ध स्त्रीस ऐकूं जाईल इतक्या मोठ्यानें वाचा. मग थोडें थांबा. तिला विचारा. आमच्या अनुभवावरून सांगतों, ती विचारण्याचीच वाट पाहात असते.

आमच्या घरीं त्या वर्षीं अविधवा नवमी पुन्हां झाली. शास्त्रार्थाप्रमाणें तिची आवश्यकता उरली नव्हती, हें आम्हांस ठाऊक आहे. पण घरांतल्या स्त्रियांनीं शास्त्रार्थ विचारला नाहीं आणि आम्हींही सांगितला नाहीं. फुलपात्रास कल्हई करून आणावयास ठाण्यास जावें लागलें. सवाष्णीच्या पानाशीं पाणी नातीनें ठेवलें. ठेवण्यापूर्वीं तिनें तीं अक्षरें मोठ्यानें वाचलीं, 'मंगळागवर' असेंच वाचलें, आणि आम्हीं तें सुधारलें नाहीं.